शेवटच्या फेरीची मागची फळी

दार जरा लोटून घ्या. आणि मधेच कुणी उठू नका, पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन या. ही गोष्ट अर्धी ठेवून झोपायची नाही.

जोतीराम म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा भाचा. पलूसच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला त्याचं गाव. खोटं वाटलं तर जाऊन विचारा त्याला. तो सांगणार नाही. इकडचं तिकडचं बोलेल, चहा पाजेल, आणि दिवस कलायला लागला की तुम्हाला काठावरून उठवेल. पण ज्या दिवशी तो मिरजेहून परत आला, त्या दिवशी त्यानं सगळं सांगितलं होतं. मी समोर बसले होते. तेवढंच एकदा.

त्या गावापाशी नदी दोन वाटांनी फुटते आणि मधे बेट राहतं. काय बेट आहे म्हणून सांगू. उन्हाळ्यात सगळा मुलूख करपून जातो, पण बेट हिरवंगार. चिंचेची जुनी झाडं, त्यांना दिवसभर वटवाघळं उलटी लोंबलेली, आणि दिवस मावळला की ती एकदम उठतात, आभाळ काळं होतं. मधोमध नाथाचं दगडी देऊळ, पुढं दीपमाळ. खालच्या अंगाला वाळवंटावर मगरी ऊन खात पडलेल्या. गावातली माणसं म्हणायची, आम्ही जन्मभर ज्यांना फुकट भीत आलो त्यांना बघायला ही पुण्याची माणसं पैसे मोजून येतात.

कारण अलीकडं माणसं यायला लागली होती. वीरधवल म्हणून गावातला एक बागायतदाराचा पोरगा. त्याच्या डोक्यात आलं की लोक समुद्रातल्या बेटांवर विमानानं जातात, मग आपल्या बेटानं काय घोडं मारलंय? त्यानं फायबरची बोट आणली, रस्त्यावर 'बेट दर्शन' असा फलक ठोकला. थंडीत हुरडा, चुलीवरची भाकरी, धनगरांचं गजनृत्य, आणि मिरजेचे जाफरभाई तानपुरा घेऊन यायचे. भोपळ्यापासून तानपुरा कसा घडतो ते दाखवायचे, मग देवळाच्या पायरीवर बसून तारा छेडायचे. पाण्यावरून तो आवाज गावापर्यंत यायचा. लोक फोटो काढून खूश.

बोट चालवायला जोतीराम. घराणंच नावाड्याचं. त्याचा बाप कोंडीबा, आयुष्यभर लाकडी नाव चालवलेला, आता गुडघे गेलेले, म्हणून घाटाच्या पायरीवर बसून असायचा.

त्या घराण्याची एक रीत होती. बेटावरून दिवसाची शेवटची फेरी निघाली की नावेची मागची फळी रिकामी ठेवायची. माणसं कितीही असोत, दाटीवाटीनं पुढं बसवायची, पण मागं कुणाला नाही. नाव सुटताना नावाड्यानं मागं न बघता म्हणायचं, "बसा." एवढंच. काठाला आल्यावर माणसं उतरली की नावाड्यानं दोर हातात धरायचा आणि नदीकडं पाठ करून उभं राहायचं. नाव हलकी झाली की दोर हातात सैल पडतो. मग खुंटीला बांधायचा आणि घरी जायचं.

कोण बसतं, का बसतं, ते कोंडीबानं कधी सांगितलं नाही. कुणी म्हणायचं, त्याच्या आजाच्या काळात जत्रेची नाव उलटली, सगळी सापडली, एक माणूस सापडलं नाही. कोंडीबा म्हणायचा, "कोण ते इचारू नये. ज्याचं उतरायचं ऱ्हायलंय त्याला जागा द्यावी."

जोतीराम बापाला हसायचा. "आबा, लायसनची बोट हाय आता. जाकिटं हायती."

"बोट फायबरची झाली म्हणून नदी फायबरची झाली व्हय रं?"

हसायचा, पण रीत पाळायचा. वीरधवल कुरकुरायचा, "तिथं तिघं बसत्यात की, जोतीराम. रिकामी फळी फिरवायला पेट्रोल काय तुझ्या सासऱ्याचं?" तर हा म्हणायचा, फळी ढिली झालीय दादा, उद्या ठोकतो. तो उद्या कधी यायचा नाही.

आता रात्र सांगते. सन दोन हजार चोवीस, जानेवारीची वीस तारीख, शनिवार. पौषातली दशमी. चांदणं होतं, पण थंडी अशी की नदीतनं वाफ निघत होती.

जोतीरामची बायको पूजा भरल्या दिवसांची होती. अजून पंधरा दिवस आहेत असं डॉक्टरीण म्हणाली होती, म्हणून हा कामाला आलेला. दिवस मावळताना आईचा, रंगुबाईचा फोन आला. पूजाला कळा सुरू झाल्यात, जीपनं मिरजेला निघालोय. मग पूजानंच फोन घेतला.

"आवं, ऐकताय का? ह्या खेपेला तुमी दारात पायजे. मागल्यासारखं नगं."

मागल्या खेपेला हा नदीवर होता. पोचेस्तोवर सगळं उरकलं होतं. बाळ रडलंच नव्हतं. त्यानं त्याचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं. पूजा त्यावर एक शब्द बोलली नव्हती, आणि तेच त्याला खात होतं.

"आलोच," तो म्हणाला. "ही माणसं काठाला टाकली की निघालो."

माणसं दोन फेऱ्यांची होती. त्यानं एका फेरीत सगळी कोंबली. मागच्या फळीवर कोल्हापूरच्या तीन बाया बसल्या, हसत-खिदळत, फोटो काढत. जोतीरामच्या तोंडात "बसा" आलं होतं. पण म्हणायचं कुणाला? जागा कुठं होती? त्यानं ते गिळलं आणि मोटार ओढली.

काठाला आला. पावणे आपापल्या गाड्यांत बसून गेले, धनगरांचा ढोल टेम्पोत चढला, वीरधवल गेला. जोतीरामनं मोटरसायकलला किक मारली आणि फोन वाजला. जाफरभाई.

"जोतीराम बेटा, मला बेटावरच ठेवलंस की."

जाफरभाई देवळामागं पाण्याकडंला नमाज पढायला गेले होते. त्यांना वाटलं अजून एक फेरी आहे. दरवेळी असायची.

सोडून कसं जायचं? थंडीचं, म्हातारा माणूस, भोवती मगरी. जाऊन यायला कितीसा वेळ. जोतीराम घाट उतरला. पायरीवर कोंडीबा घोंगडं पांघरून बसला होता.

"जोत्या. मागच्या फळीवर कोण बसलं हुतं?"

"पावनी हुती, आबा."

कोंडीबानं नदीकडं बघितलं. मग म्हणाला, "येताना ठिवशील न्हवं रिकामी?"

"आबा, ती तितं अडलीया आन् तुमी फळी काय घेऊन बसलाय," असं म्हणून त्यानं बोट ढकलली.

बेटावर जाफरभाई पायरीवर उभे होते. तानपुरा गोधडीत गुंडाळलेला, पोराला धरावं तसा धरलेला. जोतीरामनं हात दिला, त्यांना मधल्या फळीवर बसवलं. तानपुरा लांबलचक, मधे मावेना. "चाचा, आना हिकडं," म्हणून त्यानं तो उचलला आणि मागच्या फळीवर आडवा ठेवून दिला. लक्षात आलं नाही असं नाही. आलं. पण त्याच्या डोळ्यापुढं मिरजेच्या दवाखान्याचं दार होतं.

सुकाणू मागच्या फळीच्या लगेच पुढं, मोटार फळीच्या मागं, तिची दोरी हात मागं केला की लागायची. हा पुढं तोंड करून बसला. समोर गावाचा दिवा दिसत होता, घाटावरचा, एकच, पिवळा. नाकासमोर जायचं. आंधळाही चुकणार नाही.

मधे धुकं लागलं. दिवा पुसट झाला, दिसेनासा झाला. मग परत पुढं काहीतरी पांढरं दिसलं, घाटाच्या पायऱ्या दिसल्या. जोतीरामनं वेग कमी केला. बोट पायरीला टेकली.

पुढं दीपमाळ होती.

"हे तर बेटच आहे की," जाफरभाई म्हणाले.

"धुक्यात हात वळला असंल." जोतीराम हसला. "एवढ्या वर्सात पहिल्यांदा."

फिरवली. या खेपेला सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरलं. नदीची ओढ डाव्या अंगानं येते, ती अंगाला लावून निघाला. धुकं आलं. धुकं गेलं. पायऱ्या आल्या.

दीपमाळ.

रानात चकवा लागतो हे तुम्ही ऐकलं असेल. माणूस रात्रभर त्याच बांधाला फेऱ्या घालतो. पण रानात निदान बसता येतं, झाडाला पाठ टेकून उजाडायची वाट बघता येते. पाण्यात काय करणार?

जाफरभाई म्हणाले, "बेटा, उतरू या का? सकाळी जाऊ."

"सकाळी न्हाई, चाचा. आत्ताच जायचं हाय."

फोन वाजला. रंगुबाई. आवाज तुटत तुटत येत होता. "कुठं हाईस रं... बाळ अडलंय म्हंत्यात. खाली येतच न्हाई. जागच्या जागी... पूजा दाराकडं बघतीया नुस्ती... जोत्या?"

"आई, आलो. नदीतच हाय."

"अजून नदीतच?"

आणि फोन बंद पडला. बॅटरी भरपूर होती. तरी पडला.

तिसऱ्यांदा निघाला. मोटारीचा आवाज तेवढा. धुकं असं की बोटीपलीकडं काही दिसेना. जोतीराम मनात एकच म्हणत होता, सरळ, सरळ, सरळ.

मधोमध मोटार बंद पडली.

दोरी ओढली. नाही. परत ओढली. नाही.

बोट थांबली... मग हळूच हलायला लागली. जोतीरामनं पाण्यात हात घातला. पाणी खाली चाललं होतं. बोट वर चालली होती. ओढीच्या उलट. कुणी दोर लावून ओढावी तशी, सावकाश, बेटाकडं.

"चाचा..."

"काही बोलू नको बेटा."

आणि मागं तार वाजली.

एक. बारीक. कुणी बोट लावून बघावं तशी.

जाफरभाईंचा चेहरा चांदण्यात मातीसारखा झाला. ते हळू आवाजात म्हणाले, "तारा मी सैल केल्यात. गोधडीत आहे तो. सैल तार बोलत नाही."

परत वाजली. मग दुसरी. मग जरा वेळ काही नाही.

मग काहीतरी घसरल्याचा आवाज आला. जड. फायबरवरून. आणि तानपुऱ्याचा भोपळा जोतीरामच्या टाचेला येऊन टेकला.

फळीवरून खाली. सारलेला. आपटलेला नव्हता. नीट सारलेला. जागा करायला आपण दुसऱ्याचं गाठोडं जसं सारतो, तसा.

जाफरभाई मधे बसलेले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर.

"मी नाही हलवला," ते म्हणाले.

"व्हय, चाचा. ठावं हाय मला."

जोतीराम मागं वळला नाही. त्याला सगळं कळलं होतं. कळलं होतं ते पहिल्याच फेऱ्याला. एक शब्द म्हणायचा होता. बापानं आयुष्यभर म्हटलेला. साधा. पावण्याला म्हणतात तो. पण तो म्हटला म्हणजे मागं कुणीतरी आहे हे कबूल केलं...

म्हटलं नाही तर पूजा दाराकडं बघत राहणार.

"बसा," तो म्हणाला.

काही झालं नाही.

मग बोट मागनं खाली गेली. वीतभर. पुढचं टोक उचललं. आणि फळी करकरली.

जाफरभाईंनी डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते. जोतीरामनं पुढं बघत, हात मागं करून, चाचपत मोटारीची दोरी शोधली. हाताला फळीची कड लागली. ओली होती. त्याच्या पुढं त्यानं हात नेला नाही... दोरीच त्याच्या हातात आली. कशी आली ते त्याला सांगता आलं नाही.

एका ओढीत मोटार सुरू झाली.

धुकं होतं. पण आता त्यातनं वाट होती. दिवा दिसला. पिवळा, एकच. मागनं श्वास ऐकू येत नव्हता. काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त बोट जड होती.

घाटाला लागली. कोंडीबा उभा होता. गुडघे गेलेला माणूस, उभा. नदीकडं पाठ करून.

जाफरभाई तानपुरा उचलून उतरले, थेट वर गेले. वरनंच म्हणाले, "हा गाडीवर मावत नाही. मी कोंडीबाकडं पडतो, सकाळी जाईन. तू पळ."

जोतीराम उतरला. दोर हातात घेतला. पाठ केली.

दोर ताठ होता.

थांबला. मनात पूजा. थांबला. ताठच. किती वेळ गेला कुणास ठाऊक, नदीत काळ कळला नव्हता, आता तर प्रत्येक श्वास जड झाला होता. ताठच...

त्यानं तसाच दोर खुंटीला बांधला आणि पळाला.

मागनं कोंडीबाचा आवाज आला. "जोत्या, सैल झाला का रं दोर?"

त्यानं ऐकलं. गाडीला किक मारली.

गावाबाहेरच्या वळणावर त्याला समजलं. गाडी मागनं बसली होती. मागलं चाक खड्ड्यात आपटत होतं, मागं भरलेलं माणूस असलं की आपटतं तसं. जोतीरामनं आरसा हातानं खाली वळवला. त्यात आता फक्त त्याचा गुडघा दिसत होता. तेवढाच बघायचा ठरवला.

दोन्ही अंगाला ऊस. मधनं तो रस्ता. ऊस उंच, वाट अरुंद, वर धुकं. नळीत घातल्यासारखं झालं. थांबता येत नव्हतं, वळता येत नव्हतं. पाठीवर गारवा. वाऱ्याचा नव्हे. वारा समोरनं होता.

पुढं ऊस भरलेला ट्रॅक्टर आडवा आला, वळण घेत होता. थांबावं लागलं. ट्रॅक्टरवाला वरनं बघत होता, कानाला मफलर. त्यानं जोतीरामकडं बघितलं, मग त्याच्या मागं बघितलं.

"आवं पावनं," तो म्हणाला, "मागल्याला काय तरी पांगरायला द्या की. सगळं भिजलंय ते. थंडी काय हाय न्हवं."

जोतीरामनं अंगातलं जाकीट काढलं. मागं न बघता, खांद्यावरून मागं धरलं.

हातातनं ते अलगद गेलं.

ट्रॅक्टर निघाला. हाही निघाला. सांगली गेली. मिरज आली. दवाखान्याच्या फाटकात चहाची गाडी होती, माणसं होती, उजेड होता. कुणी वर बघितलं नाही. जोतीरामनं गाडी लावली, हँडल धरून तसाच बसून राहिला. बाप म्हणायचा तसं. पाठ करून. आता थांबला. आता कुठं जायचं राहिलं नव्हतं; जायचं होतं ते दार पुढंच होतं, आणि मागचं उतरल्याशिवाय त्या दारात त्याला पाऊल टाकायचं नव्हतं.

"उतरा," तो म्हणाला. हा शब्द रीतीत नव्हता. त्याचा त्यानं म्हटला. "माझं माणूस अडलंय आत. उतरा आता."

गाडी मागनं वर उचलली.

हलकी झाली.

त्यानं वळून बघितलं. जाकीट सीटवर घडी घालून ठेवलेलं होतं. कोरडं. दुसरं काही नव्हतं. तो जिना चढला, एकेक सोडून दोन दोन पायऱ्या, आणि वरच्या वळणावर होता तेव्हा आवाज आला. बाळाचा. भरगच्च, चिडलेला, सगळा मजला उठवणारा.

रंगुबाई दारात बसली होती, पदर तोंडाशी. "आत्ता सुटली बघ," ती म्हणाली. "कवापासनं हललं न्हवतं, आन् आत्ता कुणी हात धरून आणावं तसं आलं. पोरगी हाय."

पूजानं मान वळवली. दारात तो होता. ती नुसती बघत राहिली, आणि मग डोळे मिटून झोपली.

सिस्टर बाळ पुसून घेऊन आली. आजीच्या मांडीवर दिलं. पोरगी रडून दमली होती, एक हात पसरलेला, दुसऱ्याची मूठ घट्ट आवळलेली. "ही काय उघडेना बाई," सिस्टर म्हणाली. "पुसायची राहिलीय तेवढी."

रंगुबाईनं एकेक बोट सोडवलं. करंगळी. मग तिच्या शेजारचं. मग बाकीची.

जोतीराम वाकून बघत होता.

आत वाळू होती. चिमूटभर. नदीची, बारीक... आणि ओली.